बाळाचा इसब आणि ती बिनलेबलची डबी

आमची मुलगी सप्टेंबर २०२२ मध्ये जन्मली. तिसऱ्या महिन्यात नागपूरची थंडी सुरू झाली आणि तिच्या दोन्ही गालांवर खरखरीत चट्टे उठले. थंडीने गाल फुटले असतील, सगळ्यांच्याच लेकरांचे फुटतात, असे आम्हाला वाटले. पण चट्टे कपाळावर गेले, हातांच्या बाहेरच्या बाजूला आणि नडगीवर आले, त्यांतून पाणी पाझरू लागले. पोर रात्रभर गोधडीवर गाल घासायची. सकाळी गोधडीला रक्ताचे ठिपके दिसायचे. आम्ही दोघे आळीपाळीने तिचे हात धरून बसायचो. ज्या आईबापांनी अशा रात्री काढल्या आहेत त्यांना अधिक सांगायला नको.

हा इसब आहे, म्हणजे डॉक्टर ज्याला एक्झिमा म्हणतात तो, हे आम्हाला फार उशिरा कळले. त्याआधी वस्तीने आपापली नावे देऊन टाकली होती. कोणी खरूज म्हणाले, कोणी गजकर्ण, कोणी नजर. अंगारा-धुपारा आमच्या घरात वडिलांच्या काळापासूनच बंद आहे, त्यामुळे तो सल्ला देणाऱ्यांना आम्ही चहा पाजून परत पाठवले. पण एक गोष्ट मनाला लागली. शेजारची मुलगी बाळाला घ्यायला धावत आली आणि तिच्या आईने दारातूनच हाक मारली, "तिले हात नको लावू!" बाई मनाने वाईट नाही, तिला आपल्या लेकराची काळजी होती. पण हे वाक्य आम्हाला इतरांपेक्षा जास्त बोचते. का बोचते ते या पानाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. म्हणून सगळ्यात आधी हे लिहून ठेवतो की इसब हा संसर्गाने होणारा रोग नाही. तो हात लावल्याने, मांडीवर घेतल्याने, एका पांघरुणात झोपवल्याने दुसऱ्याला होत नाही. खरूज लागते, नायटा लागतो, इसब लागत नाही.

मग तो होतो कशाने? डॉक्टरांनी आम्हाला समजेल असे सांगितले. त्वचा म्हणजे विटांची भिंत समजा. काही मुलांच्या भिंतीत विटांमधला चुना जन्मतःच कमी असतो. आतले पाणी उडून जाते आणि बाहेरचे साबण, धूळ, घाम आत शिरून आग करतात. २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी दाखवून दिले की फिलॅग्रिन नावाचे त्वचेतले प्रथिन तयार करणाऱ्या जनुकात दोष असेल तर इसबाचा धोका वाढतो. सर्वच मुलांत हे एकच कारण नसते. पण ज्या घरात दमा, सततच्या शिंका किंवा इसब आहे, त्या घरातल्या लेकरांना तो होण्याचा संभव जास्त असतो. बाळाच्या आजोबांना दमा होता. डॉक्टरांनी हे विचारले तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिले. तीन महिने आम्ही तुझे चुकले की माझे चुकले यावर भांडत होतो.

जन्मापासून रोज अंगाला काही चोपडले असते तर हे टळले असते, ही रुखरुखही होती. इंग्लंडमध्ये हाच प्रश्न १३९४ नवजात बाळांवर तपासला गेला आणि २०२० साली त्याचे निष्कर्ष आले. पहिले वर्षभर रोज मऊ मलम लावूनही इसब टळला नाही. झालेला इसब आटोक्यात ठेवायला हे चोपडणे उपयोगी पडते, पण होणारा थांबवता येत नाही. हे वाचल्यावर आमच्यातल्या आईने पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

आता घरगुती उपायांकडे येतो. बाळाची आजी आमच्याकडेच राहते. पाच लेकरे तिने वाढवली, त्यामुळे तिच्या शब्दाला मान. पहिला उपाय डाळीच्या पिठाचा. दुधात कालवून ते अंगाला घासायचे, म्हणजे लव जाते आणि कांती उजळते, असे मालीश करणाऱ्या बाईचेही म्हणणे. चार दिवसांत चट्टे सोलून निघाले. नाजूक भिंतीला खरवडणे ते. त्यातही खाण्याचे पदार्थ फुटलेल्या कातडीवर चोळले, तर पुढे त्यांचीच ॲलर्जी होण्याची भीती असते, असे डॉक्टर म्हणाले. पीठ बंद केले. मग कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी. कडुनिंबावर आमचा फार विश्वास होता, अजूनही झाडाबद्दल राग नाही. पण ओल्या चट्ट्यांवर ते पाणी पडले की पोर किंचाळायची. कडू आहे, झाडाचे आहे, म्हणून लेकराच्या उघड्या कातडीला मानवेलच असे नाही, एवढे आम्हाला तिच्या रडण्याने शिकवले. हळदीने वेगळेच घडले. पिवळा रंग बसल्यामुळे चट्टा वाढतो आहे की कमी होतो आहे हेच दिसेना.

आंघोळीनंतर शेगडीवर ओवा-बाळंतशेपा टाकून धुरी देणे हा आजीचा आवडता प्रकार. धूर बाळाच्या श्वासालाही वाईट आणि त्वचेलाही. त्यात आणखी एक धोका आहे, जो कोणी सांगत नाही. तेल किंवा व्हॅसलीन मुरलेले कपडे, दुपटी ठिणगी पडताच भडकन पेटतात. धुतल्यानंतरही ते पूर्ण निघत नाही. चोपडलेले बाळ शेगडीपासून, चुलीपासून, विडी ओढणाऱ्यापासून लांबच ठेवावे.

आजीवर आम्ही टीका करतो आहोत असे कोणी समजू नये. जी गोष्ट आजही आमच्या घरात चालू आहे ती तिचीच. आम्ही हौसेने लोकरीची टोपी, गुलाबी स्वेटर, चमकदार झबली आणली होती. लोकर टोचते, नायलॉनमध्ये घाम कोंडतो. आजीने पेटी उघडली, तिची तीस-चाळीस वर्षे धुतलेली सुती लुगडी काढली आणि त्यांची झबली, दुपटी, गोधडीचे अभ्रे शिवले. हातांसाठी छोट्या पिशव्याही शिवल्या, म्हणजे रात्री ओरबाडणे कमी होईल. इतके मऊ कापड कोणत्याही दुकानात मिळणार नाही. नैसर्गिक उपाय म्हणायचा तर आमच्या मते हा एक नंबरचा.

तेलाचेही तसेच. मोहरीचे तेल कातडीची आग करू शकते, म्हणून ते बंद केले. एका नातेवाइकाने प्रेमाने ऑलिव्ह तेलाची महाग बाटली पाठवली. इंग्लंडमध्ये २०१३ साली मोठ्या माणसांवर केलेल्या एका छोट्या अभ्यासात असे दिसले की ऑलिव्ह तेलाने त्वचेची भिंत उलट कमकुवत होते, सूर्यफुलाच्या तेलाने तसे होत नाही. ती बाटली आम्ही दाराच्या बिजागऱ्यांना वापरली. खोबरेल तेलाबाबत मात्र आजीच्या बाजूने पुरावा आहे. फिलिपाइन्समध्ये २०१४ साली सौम्य ते मध्यम इसब असलेल्या ११७ मुलांवर आठ आठवडे तुलना झाली, त्यात शुद्ध खोबरेल तेल खनिज तेलापेक्षा सरस ठरले. पण ती मुले एक ते तेरा वर्षांची होती, तान्ही बाळे नव्हती, हे ध्यानात ठेवावे. आणि तेल म्हणजे साधे, बिनवासाचे. केसांसाठी म्हणून सुगंध घातलेले नव्हे.

आमच्या मुलीला सगळ्यात जास्त मानवले ते साधे पांढरे व्हॅसलीन. ते झाडाचे नाही, पाल्याचे नाही, जमिनीखालच्या खनिज तेलातून निघते. नैसर्गिक म्हणून त्याची जाहिरात होत नाही. पण त्यात वास नाही, रंग नाही, ते झोंबत नाही आणि स्वस्त आहे. आंघोळ कोमट पाण्याने, पाच ते दहा मिनिटांत उरकायची. अंग चोळून नव्हे, टिपून घ्यायचे. कातडी अजून ओलसर आहे तोवर, दोन-तीन मिनिटांच्या आत, अंगभर व्हॅसलीन चोपडायचे. नंतर दिवसातून आणखी दोन-तीनदा. आम्ही सुरुवातीला चट्ट्यापुरते बोटभर लावायचो. डॉक्टर हसले, म्हणाले, "कंजुषी कायले करता? पोळीले तूप लावता तसं नका लावू, पुरणपोळीले लावता तसं लावा."

पाण्याचाही खर्च वाचला तो सांगतो. आम्ही तेव्हा शहराच्या टोकाला भाड्याने राहत होतो. पाणी बोअरचे, बादलीला पांढरा थर बसायचा, साबणाला फेस येत नसे. एका विक्रेत्याने पाणी मऊ करणारे यंत्र लावा म्हणून गळ घातली. हप्त्याने घ्यायचेही ठरले होते. जड पाण्याच्या भागात इसब जास्त आढळतो हे खरे आहे. पण इंग्लंडमध्ये ३३६ मुलांच्या घरी असे यंत्र लावून पाहिले, तेव्हा यंत्राने जास्तीचा फायदा दिसला नाही, असे २०११ साली प्रसिद्ध झाले. आम्ही यंत्राऐवजी दोन बादल्या घेतल्या आणि बाळाचे कपडे तीन पाण्यांतून काढू लागलो. कपड्यात राहिलेली साबणाची पूड झोंबते, ती निघाली.

खाण्याची गोष्ट थोडी कडू आहे. "तूच काहीतरी खाल्लं असशील," हे आमच्यातल्या आईला इतक्यांदा ऐकवले गेले की तिने एकेक पदार्थ सोडला. आधी अंडी, मग मासे, मग दूध, शेंगदाणे, वांगी, टमाटे. दोन महिने ती भात आणि मुगाच्या वरणावर होती. अंगावर पाजणारी बाई! चट्टे जिथल्या तिथे राहिले आणि तिला उभे राहिले की चक्कर येऊ लागली. ठरावीक पदार्थानंतर थोड्याच वेळात बाळाच्या अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, ओकाऱ्या होणे असे स्पष्ट दिसत असेल तर डॉक्टरांना सांगावे, ते तपासतील. एरवी अंदाजाने आईला उपाशी ठेवणे हा उपाय नव्हे. हे आमच्यातल्या बापाने लिहिले आहे, कारण तेव्हा तो गप्प बसला होता.

पुढे सहाव्या महिन्यात मृग बहाराची संत्री आली आणि नागपूरचे लेकरू म्हणून आम्ही तिला चमच्याने रस चाटवला. तोंडाभोवती लाल कडे उठले. आम्ही घाबरलो. पुष्कळदा हे ॲलर्जीमुळे नसते, आंबट रस फुटलेल्या कातडीला झोंबतो इतकेच. भरवण्याआधी तोंडाभोवती व्हॅसलीनचे बोट फिरवले की झाले. तिला आजही संत्री आवडतात.

आता त्या डबीविषयी. आमच्या हातून खरी चूक इथेच झाली.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ओळखीतून एका माणसाचे नाव कळले. तो जडीबुटीचे मलम देतो, शंभर टक्के नैसर्गिक, डॉक्टरांसारखे केमिकल नाही. पांढरी प्लास्टिकची डबी, तिच्यावर नाव नाही, घटक नाहीत, तारीख नाही. दीडशे रुपये. तिसऱ्या दिवशी बाळाचे गाल गुळगुळीत झाले. पोर सलग सहा तास झोपली. आम्हाला रडू आले. चांगली गोष्ट वाटून घ्यावी म्हणून आम्ही स्वतः तीन घरी जाऊन त्या मलमाची शिफारस केली. एका घरी तर डबी विकत घेऊन दिली.

सहा आठवडे आम्ही ते रोज दोनदा लावले. डबी संपली, माणूस गावाला गेला होता, आणि चार दिवसांत इसब असा उसळला की आधीचा परवडला. त्यावर पिवळी खपली, दुर्गंधी, अंगात ताप. सरकारी रुग्णालयाच्या त्वचा विभागात नेले. डॉक्टरांनी गाल उजेडात धरून पाहिला. कातडी पातळ झाली होती आणि आतल्या बारीक लाल शिरा कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसत होत्या. "काय लावत होता?" आम्ही अभिमानाने म्हणालो, "जडीबुटी." त्यांनी रिकामी डबी हातात घेतली, उलटी-सुलटी केली. म्हणाल्या, "तीन दिवसांत बरं करणारा पाला मी तरी पाहिला नाही. यात कडक स्टेरॉइड मिसळलं असावं." त्या डबीची प्रयोगशाळेत तपासणी झाली नाही, म्हणून आम्ही त्या माणसावर शपथेवर आरोप करणार नाही. पण असे घडते हे सिद्ध झालेले आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे इसबाच्या मुलांना लावली जाणारी २४ 'वनौषधी' मलमे तपासली, त्यांतील २० मध्ये स्टेरॉइड सापडले. हा अहवाल २००३ सालचा आहे. मलमे विकणाऱ्यांनी पालकांना नैसर्गिक म्हणूनच दिली होती.

आणि गंमत अशी की त्याच डॉक्टरीणबाईंनी आम्हाला जे लिहून दिले तेही स्टेरॉइडच. आम्ही चिठ्ठी परत त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी रागावण्याऐवजी समजावले. हे सौम्य आहे, नाव आणि प्रमाण छापलेले आहे, दिवसातून एकदा, फक्त चट्ट्यावर, सात दिवस. पुढे मला दाखवल्याशिवाय नाही. मोठ्या माणसाच्या बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेले मलम दोन पंजांएवढ्या जागेला पुरते, हे मापही त्यांनीच दाखवले. चोरून दिलेले कडक औषध आणि सांगून, मोजून दिलेले सौम्य औषध यांत फरक आहे. औषध दुकानात मिळणाऱ्या 'खाजेच्या ट्यूबा'ही अशाच, त्यांत स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि जंतूंचे औषध एकत्र कालवलेले असते. स्टेरॉइडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला, तरी मागितली की मिळतात. बाळासाठी ती मागू नका.

त्यांनी आणखी एक खूण सांगितली, ती प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. चट्ट्यांवर एकाएकी बारीक, एकसारख्या पाण्याच्या फोडांचा घोळका उठला, फोड फुटून गोल खड्डे पडले, बाळ मलूल झाले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. ओठावर जर उठलेल्या माणसाने बाळाचा पापा घेतल्याने असे होऊ शकते. पापा घेणारा बहुधा घरचाच असतो, म्हणून सांगायला अवघड जाते.

रंगाविषयी थोडे. पुस्तकांतल्या चित्रांत इसब लालभडक दिसतो, कारण चित्रातली बाळे गोरी असतात. आपल्या सावळ्या-काळ्या लेकरांच्या अंगावर तो तपकिरी, राखाडी, कधी जांभळट दिसतो आणि त्यामुळे सौम्य समजला जातो. डोळ्यांपेक्षा बोटांनी पाहावे. खरखर, जाडसरपणा, ऊब लागते. बरा झाल्यावर फिके किंवा गडद डाग राहतात, ते काही महिन्यांत आपोआप मिसळून जातात. त्या डागांसाठी आम्हाला गोरेपणाच्या क्रीमचे नाव सुचवणारेही भेटले. त्यांनाही चहा पाजून परत पाठवले.

मुलगी आता शाळेत जाते. गाल स्वच्छ आहेत, त्या लाल शिरा हळूहळू दिसेनाशा झाल्या. डिसेंबरात गुडघ्यांच्या मागे खरखर येते, मे महिन्यात घामाने मान खाजते. तेव्हा ती स्वतःच कूलरसमोर जाऊन बसते आणि व्हॅसलीनची डबी मागते.

ती तीन घरे मात्र आमच्या डोक्यातून जात नव्हती. रुग्णालयातून आल्यावर त्याच आठवड्यात आम्ही दोघे तिथे गेलो. पहिल्या घरी मलम आधीच बंद केले होते. दुसऱ्या घरी आमचे ऐकून घेतले, दार जरा जोरात लावले, पण ऐकले. तिसऱ्या घरचा मुलगा अकरा महिन्यांचा, गाल गुळगुळीत, खेळत होता. त्याची आई म्हणाली, "तुमच्या पोरीले गुण आला तवा चांगलं होतं. आता आमच्या पोराले गुण येऊन राहिला तं वाईट कसं झालं?" आम्हाला उत्तर देता आले नाही. उत्तर होते, पण ते आमच्या तोंडून ऐकण्याचे तिला कारण नव्हते.

दुसऱ्यांदा आम्ही मुलीला घेऊन गेलो आणि तिचा गाल उजेडात धरून दाखवला. तिने मुकाट्याने पाहिले. मग आपल्या मुलाला खिडकीशी नेले आणि बराच वेळ पाहत राहिली. मलम आजच फेकते म्हणाली. आम्ही थांबवले. बरेच आठवडे लावलेले मलम एकदम सोडले की काय होते ते आम्ही भोगले होते, आणि डबी दाखवल्याशिवाय डॉक्टरांना तरी काय कळणार?

पुढच्या मंगळवारी चिठ्ठी काढायला आमच्यातला एक जण सकाळी सात वाजता रांगेत उभा राहिला. साडेनऊ झाले तरी ती दिसेना. दहाच्या सुमारास मुलाला कडेवर घेऊन ती फाटकातून आत आली. डबी पदराच्या गाठीत बांधून आणली होती.